मान मोडून कशाला?

‘मान मोडून काम कर, यश मिळेल,’ असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या घरी हे शब्दशः खरे झाले आहे. आम्ही हुपरीचे. चांदीच्या पैंजणांसाठी आमचे गाव प्रसिद्ध. माझे वडील सकाळी मांडी घालून, मान खाली घालून जे बसतात, ते कड्या जोडत, घुंगरू झाळत दिवेलागणीपर्यंत. पंचेचाळिशीतच त्यांची मान वळेनाशी झाली आहे. मागून हाक मारली की सगळे अंगच वळवतात.

‘धंद्याचा भोग आहे,’ असे ते म्हणतात. मला हे पटत नाही. एकदा भोग म्हटले की उपाय शोधण्याची गरजच उरत नाही. इटलीतील रामाझिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. सतत वाकून बसणाऱ्या शिंप्यांच्या पाठीची दखल त्याने तेव्हाच घेतली होती. आणि आम्ही अजून नशिबाला बोल लावतो!

कारण साधे आहे. डोक्याचे वजन सुमारे ५ किलो. ताठ मानेवर ते तोलले जाते. पुढे झुकले की मानेचे स्नायू ते तासन्‌तास ओढून धरतात. म्हणून डोळे कामाकडे नेण्याऐवजी काम डोळ्यांकडे आणावे. नाजूक कामाची जागा कोपरापेक्षा ५ ते १० सेंटिमीटर उंच हवी, हातांना टेकू हवा, उजेड भरपूर हवा. आणि दर अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे चालावे.

दिवाळीच्या सुटीत मी कामाच्या पाटाखाली विटा लावल्या. ‘कॉलेजात हेच शिकवतात काय?’ म्हणून वडील चिडले. आठवड्याने पाहिले, तर विटा तशाच होत्या! मात्र मधूनमधून उठायला ते अजून तयार नाहीत. त्यांचेही खरे आहे. जितके काम तितकी मजुरी. दिवसातून दहा वेळा उठले तर वीस मिनिटांचे पैसे बुडतात. ते कोणी सोसायचे? माझ्या मते मजुरीच्या दरातच ही वीस मिनिटे धरली पाहिजेत. चांदीची घट आपण काटेकोर मोजतो, मग माणसाची घट का मोजू नये?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझी फी त्या वाकलेल्या मानेवर भरली जाते. मी पदवी घेईन, तेव्हा वडिलांना मान वर करून पाहता यावे, एवढीच इच्छा आहे.