ऑप्शनला टाकताना जरा जपून!

इंजिनिअरिंगला आल्यावर आपण सगळ्यात आधी कुठली कला शिकतो? अवघड चॅप्टर ऑप्शनला टाकायची! परीक्षेत ते खपून जातं. पण वेब सर्व्हिसच्या ऐच्छिक पॅरामीटरलाही तोच न्याय लावला, तर शिक्षा भलत्यालाच होते.

आमच्या मेसला जेवणाऱ्यांचा आकडा कळवायला मी पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली होती. विंग आणि तारीख सक्तीची, संख्या ऐच्छिक. संख्या आली नाही तर सर्व्हिस पूर्ण विंग, म्हणजे 40 जण धरायची. एका शनिवारी सगळी पोरं बेगडेवाडीहून लोकल पकडून घरी पळाली. मी इमानदारीत रविवारसाठी शून्य टाकलं आणि सुटलो. सोमवारी मेसच्या मावशी म्हणाल्या, "बाळा, चाळीस जणांच्या पोळ्या लाटल्या रे. एकही फिरकला नाही!"

झालं काय, तर मी लिहिलं होतं 'इफ संख्या', म्हणजे संख्या असेल तरच पाठव. पण पायथनच्या लेखी शून्य, रिकामी स्ट्रिंग आणि 'नन' (कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर नव्हेत!) तिन्ही सारखेच खोटे. माझं शून्य वाटेतच गळालं.

मग मी दुसरं टोक गाठलं. सगळंच पाठवायचं! तर यूआरएलएनकोड फंक्शनने 'नन' हा चक्क शब्द म्हणून पत्त्यात चिकटवला आणि सर्व्हिस रुसली. रिक्वेस्ट्स लायब्ररी यात शहाणी आहे: 'नन' असेल तर ते पॅरामीटरच वगळते, शून्य मात्र पोचवते. पीएचपीचं क्वेरी बांधणारं तयार फंक्शनही 'नल' गाळतं. हाताने लिहायचंच असेल, तर 'संख्या आहे का' असं न विचारता 'संख्या नन नाही ना' असं विचारावं. एका ओळीचा फरक!

माझं स्पष्ट मत आहे की न सांगणं, रिकामं सोडणं आणि शून्य सांगणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रॅक्टिकलला आपण सगळे रकाने भरून एकदा रन करतो, आउटपुट आलं की जर्नलवर सही. सरांना विनंती, की या तिन्ही केस चालवून दाखवल्याशिवाय सही देऊ नये. आणि सर्व्हिस लिहिणाऱ्यांनीही आकडा आला नाही तर 40 धरण्याऐवजी उलट विचारावं.

असो. त्या सोमवारी नाश्त्याला अख्ख्या होस्टेलला फोडणीची पोळी होती. एरर मेसेज असाही येतो!