निवृत्तांच्या हिरड्यांची उपेक्षा

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये ७० वर्षे व त्यावरील सर्व ज्येष्ठांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेचे कुटुंबामागे वार्षिक ५ लाख रुपयांचे संरक्षण देऊ केले. निर्णय स्वागतार्ह होता. मात्र ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. हिरड्यांच्या रोगासाठी सहसा कोणी दाखल होत नाही. दंतवैद्याच्या खुर्चीत होणारा उपचार बाह्यरुग्ण सेवेत मोडतो आणि त्याचा भार निवृत्ताच्या खिशावर पडतो.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत ६५ ते ७४ वयोगटातील सुमारे ८० टक्के व्यक्तींना हिरड्यांचे विकार आढळले होते. ‘वय झाले, दात पडणारच’ ही समजूत मात्र कायम आहे. वस्तुतः दात केवळ वयाने पडत नाहीत. साचलेल्या कीटणामुळे हिरडी सुजते, हाड झिजते आणि दाताचा आधार सुटतो. तंबाखू व मिशरी त्यात भर घालतात. मधुमेह आणि हिरड्यांचा रोग परस्परांना बळ देतात. रक्तदाबावरील काही औषधांनी हिरड्या वाढतात, तर काहींनी तोंडाला कोरड पडते. दात गेले की भाकरी, शेंगदाणे, कोशिंबीर ताटातून जातात आणि पोषणच घटते.

केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्यांना व माजी सैनिकांना त्यांच्या आरोग्य योजनांतून दंतोपचार मिळतात. कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराचे काय? कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत २०१४ मध्ये ठरलेली किमान रक्कम महिना अवघी १,००० रुपये होती. एवढ्यात कवळीचा खर्चही भागणे कठीण; मग इम्प्लांटची गोष्टच नको. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत माफक दरात उपचार होतात. पण लहान शहरांतील वृद्धांनी तेथवर वारंवार यायचे कसे?

उपाय खर्चिक नाही. वेळीच केलेली दातांची सफाई पुढचा मोठा खर्च वाचवते. निवृत्तिवेतनधारक दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतात. त्याच महिन्यात जिल्हा व पालिका रुग्णालयांनी ज्येष्ठांची मोफत दंततपासणी व सफाई करावी. हयातीची नोंद घेणाऱ्या शासनाने ते हयात असलेले लोक जेवू शकतात की नाही, हेही पाहायला हवे.