आंबा लेथवर होत नाही

सावंतवाडीचे नाव निघाले की पाहुण्याच्या तोंडी दोन गोष्टी हमखास येतात : मोती तलाव आणि लाकडी खेळणी. चितारआळीतून चार आंबे, दोन केळी, एखादे काजूचे बोंड घेऊन तो निघतो आणि जाता जाता शाबासकी देतो, "काय रंग दिलाय हो, अगदी खरा वाटतो!" आपणही सुखावतो. माझे म्हणणे असे, की ही शाबासकी अर्धवट आहे. आंबा खरा वाटतो तो आधी आकाराने, मग रंगाने. आणि हा आकार ज्या हत्याराने येतो त्याचे नाव आपण कलाशाखेचे लोक क्वचितच घेतो. ते हत्यार म्हणजे मरफा, अर्थात लाकूड घासण्याची खरबरीत कानस. इंग्रजीत तिला रास्प म्हणतात.

लेथवर लाकूड स्वतःभोवती फिरते, त्यामुळे तेथून निघणारी वस्तू चोहोबाजूंनी सारखी असते. भोवरा, लाटणे, खुळखुळा, फार तर रातांबा लेथवर होईल. आंब्याचे तसे नाही. त्याची पाठ वेगळी, पोट वेगळे. देठाजवळचा एक खांदा वर, दुसरा उतरता. पायरीची चोच ठळक, तर हापूसला ती जवळजवळ नसतेच. हा फरक कुंचल्याने दाखवता येत नाही. करवतीने ठोकळा कापावा, पटाशीने कोपरे उडवावेत, आणि मग फुगवटा-उतार जमेपर्यंत मरफ्याने घासत राहावे, हाच त्याचा रस्ता.

साधी कानस आणि मरफा यांत गल्लत करू नये. कानशीवर शेजारी शेजारी रेघा कोरलेल्या असतात. लोखंडाला ती ठीक. लाकडावर त्या रेघा भुशाने बुजून जातात. मरफ्यावर रेघा नसून सुटे दात असतात. पोलादाला पाणी देण्याआधी टोकदार छिन्नीने एकेक दात उचललेला असतो. यंत्राने काढलेले दात बहुधा सरळ रांगेत येतात आणि मागचा दात पुढच्याच्याच चरीतून जातो. हाताने काढलेल्या दातांत थोडी अनियमितता राहते, म्हणून पृष्ठभाग पुष्कळ सफाईदार येतो. फ्रान्समधील ओरिऊ आणि लिओजिए हे कारखाने आजही हाताने दात काढतात, आणि डावखुऱ्यांसाठी त्यांचा कल वेगळा ठेवतात! अनियमितपणातून सफाई येते, ही गोष्ट आम्हा साहित्याच्या विद्यार्थ्यांनी विचार करण्याजोगी आहे.

इतका भारी माल आपल्याला परवडेलच असे नाही, पण साध्या दुकानातही डोळसपणे निवड करता येते. मरफा उजेडात तिरपा धरून पाहावा. दात सारख्या उंचीचे आहेत का, कडेपर्यंत आहेत का, बोटाला धार लागते का? एकच घ्यायचा तर आठ-दहा इंची, अर्धगोल, मध्यम दातांचा घ्यावा. सपाट बाजू फुगवट्याला, गोल बाजू खोलगटाला. दुसरा घेणे जमले तर बारीक दातांचा. पांगाऱ्याचे लाकूड हलके आणि मऊ; मोठे दात त्याचे तंतू उपटतात आणि खड्डे पाडतात. मग ते लांबीने बुजवावे लागतात. अशा आंब्यावर रंग चढतो, आकार मात्र हरवतो.

वापरण्याची रीतही सोपी, पण पाळावी लागते. मुठीशिवाय मरफा हातात घेऊ नये. मागचे उघडे टोक तळहातात शिरते. लाकूड शेगड्यात घट्ट धरावे. पुढे जाताना दाब द्यावा, मागे येताना उचलावा. मागे ओढत आणल्याने दात बोथटतात. फटका तिरपा, आणि मधूनमधून दिशा बदलून. कडेवर बाहेरून आत घासावे, नाहीतर कपचा उडतो. हवा तो आकार येण्याच्या किंचित आधी थांबून बारीक कानस, मग काचकागद. काम झाल्यावर ब्रशने भुसा काढावा आणि आपल्या पावसाळ्यात तरी मरफा तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवावा.

यावर कोणी म्हणेल, हे सारे खरे, पण इतका वेळ घालवून कारागिराचे पोट भरते का? आक्षेप रास्त आहे. गिऱ्हाईक फक्त रंगाचे पैसे देत असेल, तर आकारावर वेळ खर्चणारा कारागीर वेडाच ठरेल. पण रंगाच्या शर्यतीत प्लॅस्टिकचा आंबा त्याला सहज हरवील, कारण तो स्वस्तही आहे. साच्यातले शंभर आंबे म्हणजे एकाच आंब्याच्या शंभर प्रती. हाताने घासलेले शंभर आंबे मात्र शंभर वेगळे. लाकडाची बाजू टिकेल ती याच बळावर, आणि हे बळ ओळखणारा डोळा तयार करणे हे कारागिराचे नव्हे, आपले काम आहे. 1970 च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यात गंजिफाच्या कामाला आसरा दिला, तेव्हा ती कला सावरली. जाणत्या नजरेची किंमत याहून वेगळी काय सांगावी?

राजवाडा आपल्यापाशी नाही, महाविद्यालय आहे. स्नेहसंमेलनात रांगोळीची आणि चित्रकलेची स्पर्धा होते, तशी लाकडातून एक फळ घडवण्याची का होऊ नये? मराठीच्या विद्यार्थ्यांनी आळीत बसून हत्यारांचे, लाकडाचे, कामाचे शब्द वहीत का उतरवू नयेत? हात थांबले की ते शब्दही थांबतील.

तूर्त एवढे तरी करावे. पुढच्या वेळी दुकानात लाकडी आंबा उचलाल तेव्हा क्षणभर डोळे मिटा आणि तो तळहातावर फिरवा. पायरी की हापूस हे बोटांना कळले, तर घासाघीस न करता दाम द्या. ती घासाघीस कारागिराने आधीच केलेली आहे.