टँकमधला टँग

गोल्डफिश बाळबोध वाटतो, वास्तूसाठी आणलेला अरोवाना काकांच्या केबिनमध्ये शोभतो. ज्याला काही तरी हटके हवं असतं, त्याची गाडी शेवटी खाऱ्या पाण्यावर येऊन थांबते. प्रवाळ, निळा लाइट, पंपाने उठणाऱ्या लाटा... एकदम सही! आणि मग एके रात्री नेटवर भटकताना ‘तो’ दिसतो. काळपट अंगावर पांढरेशुभ्र ठिपके, पिवळीधमक शेपटी. नाव जेम टँग, शास्त्रीय भाषेत झेब्रासोमा जेमेटम. टँक नव्हे हं, टँग!

हा आपल्याच हिंदी महासागरातला, पण पार नैऋत्य कोपऱ्यातला. मादागास्कर, मॉरिशस, दक्षिण आफ्रिका एवढंच त्याचं जग. (मॉरिशसमध्ये पिढ्यान्पिढ्या मराठी माणसं राहतात, म्हणजे तसा ओळखीतलाच म्हणायचा.) मुळात कमी सापडतो, म्हणून परदेशातही त्याचे शेकडो डॉलर मोजावे लागतात. तरी घेणारा मनाला समजावतो, ‘शेवाळ खातो ना, मग टँकही साफ राहील. पैसे वसूल!’

हा हिशेबच चुकीचा आहे. टँग म्हणजे बिनपगारी सफाई कामगार नव्हे. टँकमध्ये शेवाळ माजतं ते पाण्यातल्या नायट्रेट आणि फॉस्फेटमुळे, म्हणजे जास्त खाणं टाकल्याने आणि नळाचं पाणी वापरल्याने. काचेवर साचणारा लालसर चिकट थर तर तो सहसा खातही नाही. उलट हा मासा भरपूर खातो आणि तितकीच घाणही करतो. त्यामुळे आरओचं पाणी, तगडा प्रोटीन स्किमर आणि नेमाने पाणी बदलणं हे सगळं त्याच्यासाठी आधी करायचं.

खरी गोष्ट आहे त्याच्या भुकेची. समुद्रात हा दिवसभर खडकावर चरतो, अगदी गाईसारखा. आपण सकाळी चिमूटभर गोळ्या टाकून ऑफिस गाठतो आणि रात्री आठला परततो. मधल्या वेळात गडी उपाशी! टँकमधलं शेवाळ त्याला काही दिवसही पुरत नाही. त्यासाठी सुशीला लागते ती नोरी आणा, मात्र बिनमिठाची, बिनमसाल्याची. क्लिपने काचेला लावून ठेवा. सकाळी एक तुकडा, संध्याकाळी एक. त्याचं पोट समोरून बघायची सवय लावून घ्या. पोट आत गेलेलं, पाठ धारदार दिसायला लागली की समजायचं, पठ्ठ्या उपाशी आहे. उपाशी टँग मग मांसल प्रवाळांना चावे घेऊन बघतो. एरवी तो प्रवाळाच्या वाटेला फारसा जात नाही.

जागाही मोठी हवी. पूर्ण वाढला की वीतभर होतो आणि दिवसभर पोहत असतो. सहा फूट लांब, सातशेएक लिटरचा टँक हा माझ्या मते किमान आकडा. वन बीएचकेमध्ये सोफा ठेवायचा की मासा, हे घरच्यांशी आधीच बोलून घ्या! तापमान २५-२६ अंश लागतं, म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्यात चिलर आलाच. वीज गेली की पाण्यातला ऑक्सिजन भराभर उतरतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप त्यासाठी घरात हवाच.

आता सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग, क्वारंटाइन. टँग मंडळी ‘इक’ नावाच्या रोगाला पटकन बळी पडतात. अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके उठतात. ठिपकेवाल्या जेम टँगवर ते ओळखायचे म्हणजे डोकेदुखीच. काही दिवसांनी ठिपके गायब होतात आणि मालक खूश! प्रत्यक्षात परजीवी खाली पडून खडकाला, वाळूला चिकटलेला असतो. तिथे तो फुटतो आणि शेकडो पिल्लं नव्या माशाच्या शोधात निघतात. यावर तांब्याचं औषध चालतं, पण तेच तांबं प्रवाळ, झिंगे, गोगलगायी मारतं. म्हणजे रीफ टँकमध्ये औषध घालायची सोयच नाही. एकदा रोग शिरला की सगळे मासे बाहेर काढून टँक साधारण अडीच महिने माशांविना ठेवायचा. त्यापेक्षा पाहुण्याला आधीच चार ते सहा आठवडे वेगळ्या साध्या टाकीत ठेवा. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, स्पंज फिल्टर आणि रोजची नोरी, एवढं बास.

मुख्य टँकमध्ये त्याला सगळ्यांच्या शेवटी सोडा. आधीपासून दुसरा टँग असेल, विशेषतः याच्याच भाऊबंदांपैकी, तर मारामारी ठरलेली. हे सर्जन मासे, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना सुरीसारखा काटा बाळगतात. नव्या माशाला भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात घालून तो डबा तीन-चार दिवस टँकमध्येच ठेवला, की जुन्यांना त्याची सवय होते. त्याला पकडतानाही डबाच वापरा. काटा जाळीत अडकतो, कधी आपला हातही कापतो.

प्रवाळांबद्दल मात्र जरा जपून, बॉस. कठीण प्रवाळ २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहेत. आपल्या समुद्रातून तोडून आणलेला तुकडा ‘गुपचूप देतो’ असं कोणी म्हणालं, तर तिथून सरळ निघा. बघायचीच हौस असेल तर मालवण आहेच!

जेम टँगचं खूळ डोक्यातून जात नसेल, तरी त्याचा चुलतभाऊ यलो टँग एकदा बघाच. टँगची पिल्लं पारदर्शक असतात, उघड्या समुद्रात कित्येक आठवडे वाहत राहतात, म्हणून ती टाकीत वाढवणं वर्षानुवर्षं कोणाला जमत नव्हतं. २०१५मध्ये हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटने यलो टँगच्या बाबतीत ते करून दाखवलं. टाकीत वाढलेला मासा गोळ्या खायला आधीच शिकलेला असतो आणि समुद्रातला एक मासाही कमी होत नाही.

आणि कुठलाही टँग घ्या, पैसे देण्याआधी दुकानदाराला सांगा, ‘माझ्यासमोर याला खायला घाला.’ नोरीकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही, तर पाकीट बाहेर काढू नका. पुढच्या शनिवारी परत जा.