बिऱ्हाड बांधताना



वार्षिक परीक्षा संपली की आमच्या माण गावात दोन गोष्टी हमखास दिसू लागतात. एक म्हणजे आंब्याच्या पेट्या आणि दुसरी सामानाने भरलेले टेम्पो. हिंजवडीच्या आयटी पार्कचा तिसरा टप्पा माणच्याच जमिनीवर उभा आहे. त्यामुळे कोणी नोकरीसाठी येतं, कोणी बांधकामावर मजुरीला येतं, तर कोणाचा ११ महिन्यांचा भाडेकरार संपतो. "बाई, आम्ही चाललो," असं सांगायला दर वर्षी कोणी ना कोणी येतंच. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. आपल्याला मात्र ते खोक्यात भरावं लागतं! तर या आठवड्यात आपण सामान बांधायला शिकू या. हे मोठ्यांचं काम आहे, असं मुळीच म्हणू नका हं.

आधी एक प्रयोग. झाकणाचे दोन सारखे डबे घ्या. एकात नुसता खडू ठेवा. दुसऱ्यात खडूच्या खाली, वर आणि चारी बाजूंनी चुरगळलेला कागद गच्च भरा. झाकणं लावा आणि दोन्ही डबे सारख्याच जोराने हलवा. आता उघडून बघा. पहिल्या डब्यातल्या खडूचे तुकडे आणि दुसऱ्यातला खडू बहुधा जसाच्या तसा! डबे तर सारखेच होते. मग फरक कशाने पडला? पहिल्या खडूला आत हलायला जागा मिळाली. टेम्पो खड्ड्यातून गेला की खोक्यातही असंच होतं. कप खोक्यावर आपटतो, बशी कपावर आपटते. कागद चुरगळला की त्याच्या घड्यांत हवा अडकते आणि धक्क्याचा जोर कमी होतो. आंब्याच्या पेटीतला पेंढा तरी दुसरं काय करतो?

फुगे असलेलं प्लॅस्टिक तुम्ही पाहिलं असेल. पाहिलं कसलं, फटाफट फोडलंच असेल! १९५७ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान या दोघांनी प्लॅस्टिकचे दोन पडदे एकमेकांना चिकटवले. मध्ये हवेचे फुगे राहिले. त्यांना भिंतीला लावायचा नवा कागद बनवायचा होता. तो काही कोणाला पसंत पडला नाही. पुढे आयबीएम कंपनी आपले १४०१ जातीचे संगणक गिऱ्हाइकांकडे पाठवताना त्यात गुंडाळू लागली आणि त्या फुग्यांचं नशीब उघडलं.

पण आपल्याला ते विकत आणायलाच हवं असं नाही. गोधड्या, स्वेटर, टॉवेल, जुन्या साड्या हे सगळं तरी न्यायचंच असतं ना? मग त्यातच काचेची भांडी गुंडाळा. रद्दी वापरणार असाल तर पांढऱ्या भांड्यांना आधी कोरा कागद लावा, नाहीतर शाईचे डाग पडतात. काचेच्या आणि चिनी मातीच्या थाळ्या एकीवर एक आडव्या रचू नका. धक्का बसला की वरच्या सगळ्यांचा भार खालच्या थाळीवर पडतो. त्या वहीच्या पानांसारख्या उभ्या ठेवा, दोन थाळ्यांमध्ये कागद घाला. खोकं बंद करून हळूच हलवा. खुळखुळ आवाज आला तर अजून भरायला जागा आहे.

पुस्तकं लहान खोक्यात भरायची, कारण मोठं खोकं पुस्तकांनी भरलं की ते कोणालाच उचलत नाही आणि तळ फाटतो तो निराळाच. उशा मोठ्या खोक्यात. जड वस्तू तळाशी. खोक्यावर नाव लिहायचं ते बाजूला. वर लिहिलेलं दुसरं खोकं ठेवलं की दिसत नाही. अक्षर चांगलं असलेल्याने हे काम अंगावर घ्यावं! मिक्सरची पाती, सुऱ्या, विळी मात्र आईबाबांनीच बांधायच्या. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करायचा, उभाच न्यायचा आणि नव्या घरी काही तास तसाच ठेवून मग सुरू करायचा. भरलेला गॅस सिलिंडर सामानाच्या गाडीत घालू नये. काय करायचं ते गॅस एजन्सीला विचारावं.

आता आईबाबांनी जरा इकडे लक्ष द्यावं. कप फुटला तर दुसरा मिळतो. शाळा सोडल्याचा दाखला, प्रगतिपुस्तक, जन्मदाखला, आधार कार्ड, लसीकरणाचं कार्ड ही कागदं मात्र खोक्यात घालूच नका. एक पिशवी करा आणि ती टेम्पोत न ठेवता स्वतःच्या खांद्याला लावा. बांधकामावरच्या एका कुटुंबाचा दाखला असाच भांड्यांच्या खोक्यात गेला. खोकं गावी गेलं, कुटुंब दुसऱ्या कामावर गेलं आणि "दाखला आणा, मग बघू" हे ऐकून तिसरीतला मुलगा महिनाभर घरी बसला. खरं तर तसं बसायची काही गरजच नव्हती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा आठवीपर्यंतच्या मुलांना हक्क आहे. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो. तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नाही, एवढ्यावरूनही प्रवेश अडवता येत नाही. हे माहीत नसल्यामुळे पुष्कळ पालक शाळेच्या दारातून निमूट परत जातात. तुम्ही जाऊ नका. आणि मुलांनो, तुमचा विद्यार्थी क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. नव्या शाळेत तो विचारतात.

शेवटी एक पिशवी राहते. ती सर्वांत शेवटी भरायची आणि सर्वांत आधी उघडायची. त्यात चहा-साखर, एक पातेलं, टॉर्च, औषधं, रात्रीचे कपडे, चादर आणि मुलांचं दप्तर. धाकट्या भावंडाचं लाडकं खेळणंही त्यातच ठेवा. नव्या घरी पहिल्या रात्री ते सापडलं नाही तर काय होतं, हे मी सांगायला नकोच!

लोणच्याच्या बरणीबद्दल मी मुद्दामच काही लिहिलं नाही. झाकण आणि बरणीच्या तोंडामध्ये प्लॅस्टिकचा कागद घालून वर दादरा बांधायचा, ही आमच्या घरची पद्धत. तरी तेल पाझरतंच. तुमच्या आजीकडे याहून चांगली युक्ती असेल तर पोस्टकार्डावर लिहून पाठवा.