गड्ड्याची यात्रा आणि पोरके घर

मकरसंक्रांत आली की सोलापूरचे अवघे लक्ष सिद्धेश्वर तलावाकडे लागते. भोगीस संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, सात नंदीध्वज डौलाने मिरवतात आणि शुभ्र बाराबंदीतील भक्तांनी रस्ते फुलून जातात. परंतु याच नगरात काही घरांचे दार या दिवसांत अर्धवटच उघडते. त्या घरातील आई किंवा वडील सरत्या वर्षात गेलेले असतात. पेटीत बाराबंदीची घडी तशीच असते. ती अंगात घालणारे नसतात. "यंदा आम्हाला सण नाही," असे घरची माणसे सांगतात आणि आपणही मान हलवून पुढे जातो. हे पुढे जाणे आम्हास उचित वाटत नाही.

शास्त्राने सुतकास सामान्यतः दहा दिवसांची मर्यादा घातली. तेराव्याचे गोड जेवण होऊन माणूस व्यवहाराला लागतो. परंतु मासिक श्राद्धे आणि वर्षश्राद्ध सांगून त्याच शास्त्राने हेही मान्य केले की, सुतक फिटले तरी शोक हळूहळूच निवतो.

आमच्या यात्रेचा क्रमही तेच सांगतो. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामांशी विवाह करण्याची इच्छा एका कुंभारकन्येने धरली आणि त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह लावण्यास अनुमती दिली, अशी आख्यायिका आहे. भोगीस तो विवाह होतो. दुसऱ्याच दिवशी, संक्रांतीस, त्या कन्येचे प्रतीक होमात अर्पण केले जाते. काल वऱ्हाडी झालेले नगर आज वियोगाचे साक्षी होते. अखेरीस नंदीध्वजांची वस्त्रे उतरवून कप्पडकळीने यात्रा संपते. ज्या उत्सवाने वियोगाला आपल्या पोटात जागा दिली, त्यात पोरक्या लेकरांना जागा नसावी काय?

म्हणून त्या घरी आपण होऊन जावे. "झाले गेले विसरा" असे म्हणू नये. घटकाभर बसावे, गेलेल्यांचे नाव काढावे. वडील नंदीध्वजापुढे कसे चालत, आईच्या हातच्या भोगीच्या भाजीला काय चव असे, ते बोलावे. सणाच्या दिवशी कोणाचे डोळे भरून आले, तर ते अशुभ मानू नये. एखाद्या मुलास वडिलांची बाराबंदी घालून मिरवणुकीत चालावेसे वाटले, तर "इतक्यात?" असे कोणी विचारू नये, घरीच राहावेसे वाटले, तर त्यास ओढूनही नेऊ नये. कुळाचार ज्याचा त्याने पाळावा.

आईबापांची जागा कोणी भरून काढू शकत नाही. परंतु सणाच्या दिवशी त्यांच्या लेकरांना एकटे पडू न देणे, एवढे तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हाती खचितच आहे.