प्रीपेड मीटर चालेल, पण बंदीच्या दोन महिन्यांचा विचार व्हायला हवा



ग्वाल्हेरात घरोघरी स्मार्ट मीटर बसतायत. हेच मीटर प्रीपेडही चालवता येतं. म्हणजे मोबाईलसारखं, आधी रिचार्ज आणि मग लाईट. वस्तीत यावर दोन तट पडलेत. आमचं मत असं, की रोज कमावून रोज खाणाऱ्याला प्रीपेड सोयीचं आहे, पण डोळे मिटून हो म्हणू नये.

आधी कंपनीचा फायदा बघू. व्यापारी मासळी उधारीवर नेतो, तेव्हा वसुलीला किती फेऱ्या माराव्या लागतात हे आपल्याला माहीत आहे. तोलाच्या जागीच रोख मिळाली तर डोक्याला ताप नाही. वीज कंपनीचंही तेच आहे. ती वीज आधी विकत घेते आणि पैसे महिन्याने मागते. प्रीपेडमध्ये पैसे आधी येतात, रीडिंग घ्यायला माणूस पाठवावा लागत नाही, थकबाकी साचत नाही आणि चोरी कुठे होते तेही लवकर कळतं. म्हणूनच केंद्र सरकारने 2021 च्या योजनेत देशभर 25 कोटी स्मार्ट प्रीपेड मीटरचं लक्ष्य ठेवलं.

आता आपला फायदा. अंदाजे बिल, चुकीचं रीडिंग, एकदम आलेला मोठा आकडा, ही कटकट कमी होते. 100-200 रुपयांचा रिचार्ज करता येतो. रोज किती जळलं ते मोबाईलवर दिसतं, त्यामुळे जुना फ्रीजर किती वीज खातो हेही समजतं. आणि एक गोष्ट फार कमी जणांना माहीत आहे. 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 47 प्रमाणे प्रीपेड मीटर घेणाऱ्याकडून कंपनीला सुरक्षा ठेव मागता येत नाही. त्यामुळे आपण पूर्वी भरलेल्या ठेवीचा हिशोब मागायला हवा.

मग अडचण कुठे आहे?

मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. जाळी घरात आणि कमाई शून्य. आज बिल थकलं तर त्याच कायद्याच्या कलम 56 प्रमाणे लाईट तोडण्याआधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. या पंधरा दिवसांत माणूस कुठून तरी पैसे उभे करतो. प्रीपेडमध्ये शिल्लक संपली की मीटर आपोआप बंद होऊ शकतं. रात्री लाईट गेली तर फ्रीजरमधला माल सकाळी फेकायचा, हा तोटा कोण भरून देणार?

यंत्रही चुकतं. 12 ऑगस्ट 2020 ला, जन्माष्टमीच्या दिवशी, उत्तर प्रदेशात चुकीच्या आदेशामुळे दीड लाखाहून जास्त स्मार्ट मीटरवाल्या घरांची लाईट गेली होती. महाराष्ट्रात लोकांचा विरोध एवढा झाला, की जून 2024 मध्ये सरकारला सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं जाहीर करावं लागलं.

दुसरा प्रश्न सवलतीचा. अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर 150 युनिटच्या आत राहिला तर पहिल्या 100 युनिटला 100 रुपयेच लागतात. पण 150 च्या आत राहिलो की नाही, हे महिना संपल्यावर कळतं. प्रीपेडमध्ये पैसे रोज कापले जाणार. मग सवलत कधी आणि कशी मिळणार? याचं उत्तर आधी मिळायला हवं.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच:

1. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी शिल्लक संपली म्हणून लाईट तोडू नये.
2. बंदीच्या दोन महिन्यांत मच्छीमार कुटुंबांना थोडी उधारी आणि पुरेशी मुदत द्यावी.
3. शिल्लक कमी झाल्याचा मेसेज वेळेत यावा आणि रोख रिचार्जची सोय वस्तीजवळ असावी.
4. सवलत आणि जुनी ठेव यांचा हिशोब लेखी द्यावा.

आपल्यालाही थोडं करावं लागेल. महिन्याला 600 रुपये लाईट धरली तर बंदीचे दोन महिने 1200 रुपये होतात. वर्षात 200 दिवस जाळं पाण्यात गेलं तरी रोजचे फक्त 6 रुपये बाजूला पडले की भागतं. एका चहाचे पैसे. तोलाच्या वेळीच ते वेगळे काढायचे का, हे पुढच्या सभेत सगळ्यांनी मिळून ठरवू.

तोपर्यंत प्रत्येकाने एक काम करा. वीज जोडणीला लागलेला मोबाईल नंबर चालू आहे का ते बघा. बऱ्याच घरांत जोडणी आजोबांच्या नावावर असते आणि नंबर कधीचाच बंद पडलेला असतो. मेसेज पोचलाच नाही, तर इशारा दिला काय आणि न दिला काय!

सभेला येताना शेवटचं बिल सोबत आणा.

आपला,
सचिव